हँडब्रेक ओढला होता

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. मला आजवर कोणी शहाणी म्हटलेलं नाही, तेव्हा माझ्यापुरता तो प्रश्न मिटला होता. प्रश्न होता तो आमच्या ह्यांचा.

ह्यांचा धंदा गाडी शिकवण्याचा. एकच गाडी, टपावर पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे जादाचा क्लच-ब्रेक. एवढ्या भांडवलावर ह्यांनी आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना स्टिअरिंग धरायला शिकवलं. ज्यांचे पाय लटपटतात, ज्यांना नवऱ्याने शिकवता शिकवता रडवलंय, ज्यांना बाकीच्या शिकवणाऱ्यांनी लांबूनच हात जोडलेत, ते सगळे ह्यांच्याकडे. हे शेजारी बसून सांगणार, "घाई नाही. रस्ता कुठे पळून जात नाही." आवाज चढवायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी जन्मभर वीज कंपनीच्या तक्रार खिडकीमागे बसले. दिवसभर लोक माझ्यावर ओरडायचे आणि घरी आल्यावर मी भांड्यांवर. तेव्हा तक्रार कशी करावी हे मला कोणी शिकवायला नको.

तर झालं असं. गाडीचे मागचे ब्रेक कुरकुरायला लागले म्हणून हे ती नेहमीच्या गॅरेजमध्ये टाकून आले. तिथला मालक आम्हाला काका-काकू म्हणतो. पोटाने सुटलेला, तोंडाने गोड. त्याने मागचे ब्रेक बदलले, हँडब्रेकची केबल जुनी झालीय म्हणून तीही नवी टाकली आणि संध्याकाळी गाडी दारात आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे ती घेऊन बँकेत जाऊन आले. आमची गल्ली उताराची. गाडी घरासमोर लावून हे उतरले, खालच्या अंगाला दातांचे डॉक्टर राहतात त्यांच्याशी चार शब्द बोलले, मग आत येऊन हातपाय धुतले आणि चहाला बसले. मी दुसरा कप ओतत होते आणि बाहेर धाडकन आवाज झाला.

गाडी आपली आपण उतारावरून खाली जाऊन डॉक्टरांच्या फाटकात नाक खुपसून उभी होती. कोणाला लागलं नाही. फाटकाच्या आत त्या वेळी कोणी नव्हतं. असतं तर काय, हा विचार आला की मला अजून घाम फुटतो.

डॉक्टर धावले, त्यांच्याकडे दात दाखवायला आलेले पेशंट धावले, सगळ्यांनी मिळून गाडी मागे ढकलली आणि चाकांना दगड लावले. काच उघडीच होती, त्यातून कोणी हात घातला, कोणी काय ओढलं, कोणी काय सोडलं, देव जाणे. कोणीतरी गॅरेजवाल्याला फोन केला. तो आला, गाडीत डोकावला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काका, हँडब्रेक खाली आहे. ओढायला विसरलात. नुसत्या गिअरवर सोडलीत आणि गिअर निसटला. होतं असं, वय झालं की."

मला वाटलं, आता हे बोलतील. हे एवढंच म्हणाले, "असेल."

त्या एका शब्दाने माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण सांगते. माझे मोठे दीर, ह्यांचे सख्खे भाऊ, आता स्वतःच्या मुलाला ओळखत नाहीत. जावेने काही भरवलं तर तिला म्हणतात, बाई, तुम्ही कोण, फार चांगल्या आहात. त्यांचं सुरू झालं ते असंच. गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. तेव्हाही सगळे म्हणाले होते की होतं असं, वय झालं की. त्या वेळी शेजारी उभे राहून ते सगळं ऐकणारे आमचे हेच होते.

त्या दिवसापासून ह्यांनी गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. शिकायला येणाऱ्यांना तब्येत बरी नाही म्हणून फोनवर सांगून टाकलं. नळ बंद करायचे, दोन पावलं जायचे आणि परत येऊन बघायचे. बोलताना एखादा शब्द चटकन सापडला नाही की वाक्य तिथेच सोडून द्यायचे. मी शब्द पुरवला की माझ्याकडे असं बघायचे, की वाटायचं, कशाला तोंड उघडलं मी. भावाकडे जाणं तर बंदच झालं. आमची लेक आली, बापाशी हसून खेळून बोलली आणि मग मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "आई, मी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय." मी तिच्यावर ओरडले. तिचं बरोबर होतं म्हणूनच ओरडले. मला भीती वाटत होती. जावेच्या घरात बसून मी तिचे दिवस पाहिलेत, आणि उद्या माझ्याही घरात तेच होणार का, ह्या भीतीने मला अन्न गोड लागत नव्हतं.

गाडी दुरुस्तीला पुन्हा गेली कुठे, तर त्याच गॅरेजमध्ये. त्याने पुढचा पत्रा सरळ केला, दिवे बसवले आणि भलंमोठं बिल पाठवलं. शिवाय डॉक्टरांचं फाटक. ह्यांनी दोन्ही मुकाट्याने भरलं.

मी म्हटलं, "अहो, काल नवी केबल टाकली आणि आज गाडी घसरली, हे तुम्हाला विचित्र नाही वाटत?"

"माझंच चुकलं असेल."

"असेल, असेल काय लावलंय? ओढलेला आठवतो की नाही?"

"ओढल्यासारखा आठवतो," हे म्हणाले. "पण रोजच ओढतो गं. मला रोजचं आठवतंय की त्या दिवशीचं, ते कसं सांगू?"

उत्तर नसलं की मला राग येतो. मी तशीच गॅरेजमध्ये गेले. मालक म्हणाला, "काकू, तुम्ही घरचं माणूस, तुमच्याशी वाद घालायचा नाही मला. पण काकांचं वय बघा. ह्या वयात शिकवायला परवानगी देतात हेच नवल. जपा त्यांना." चोराच्या उलट्या बोंबा. वर, मी निघताना माझ्या हातात ऑइल कंपनीचं कॅलेंडर ठेवलं. मी ते तिथल्याच टायरवर ठेवलं आणि थेट छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेले.

तिथे वकील लागत नाही. अर्ज भरायचा, किरकोळ फी भरायची, आपलं आपण बोलायचं. खिडकीमागची मुलगी मला म्हणाली, आज साहेब नाहीत, उद्या या. मला आतून बरं वाटलं. हे वाक्य मी स्वतः हजारोंना सांगितलंय. जो ओरडायचा त्याला आम्ही सरळ उद्या या म्हणून वाटेला लावायचो. पण जो शांतपणे समोरच्या बाकावर बसून राहायचा, त्याचं काम आधी व्हायचं, कारण त्याच्याकडे बघवत नसे. मी बाकावर बसून राहिले. दुपारच्या आत अर्ज दाखल झाला.

घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. हे जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "आणि तिथे ठरलं की मीच विसरलो, तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पैशाच्या आणि तोऱ्याच्या नादात होते. हरलो तर पैसे जातील, एवढंच मला दिसत होतं. पण हरलो तर कोर्टाच्या शिक्क्यानिशी लिहून मिळणार होतं, की ह्या माणसाच्या लक्षात राहत नाही. शिकवण्याचा परवाना तर जाणारच. आणि त्यापेक्षाही वाईट म्हणजे ह्यांची खात्री पटणार. म्हणजे मी स्वतःहून हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला निघाले होते.

"उद्या जाऊन मागे घेते," मी म्हटलं. "मरू दे त्याचं बिल."

हे ताटावरून उठले, हात धुतला, नळ बंद केला. मग म्हणाले, "नको. राहू दे. रोज उठून स्वतःची परीक्षा घेऊन मी दमलो. एकदा काय ते दुसऱ्या कोणीतरी सांगू दे."

तारखेच्या दिवशी आम्ही बसने गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टरांना मी साक्षीला ओढून आणलं होतं. माणूस भला, पण भित्रा. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात हयात गेली, आणि कोर्टात त्यांचं स्वतःचंच तोंड उघडेना.

कोर्ट म्हणजे एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलामागे न्यायाधीश बाई. आमच्या लेकीपेक्षा लहान असतील. सर्दी झाली होती बिचारीला, सारखा रुमाल नाकाला. गॅरेजमालक नवीन शर्ट घालून, अत्तर मारून आला होता. आम्हाला बघून उठून उभा राहिला आणि ह्यांना म्हणाला, "काका, बसा, पंख्याखाली बसा." मला त्याचा इतका संताप आला, की मी मुद्दाम पंखा सोडून दुसरीकडे बसले.

आधी मी बोलले. सगळं पाठ केलं होतं. केबलपासून सुरुवात केली, फाटकावर आले, मग गॅरेजवाल्याच्या गोड बोलण्यावर घसरले, आणि कॅलेंडरवर येईपर्यंत न्यायाधीश बाई म्हणाल्या, "आजी, समजलं मला. आता तुम्ही जरा बसा." आजी म्हटलं. मी बसले.

मग मालक. त्याने तीच जुनी कॅसेट लावली. केबल उत्तम बसवली होती, काकांनी हँडब्रेक ओढला नाही, गाडी नुसत्या गिअरवर सोडली, उतारावर गिअर निसटला. वर म्हणाला, "मॅडम, मला काकांबद्दल आदरच आहे. माझ्या बायकोला त्यांनीच गाडी शिकवली. पण वय कोणाला चुकलंय?"

हे खाली बघत होते. हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसले होते. मला वाटलं, संपलं. आता ह्या बाई विचारणार की तुम्हाला नक्की आठवतं का, हे म्हणणार असेल, आणि आम्ही घरी जाणार.

बाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही गाडी कोणत्या गिअरमध्ये ठेवली होती?"

ह्यांनी वर पाहिलं. "गिअरमध्ये कुठली? न्यूट्रलमध्ये."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय," हे म्हणाले, आणि त्या वेळी मी त्यांचा जुना आवाज ऐकला, शिकवतानाचा. "शिकवणीची गाडी आहे ती. गिअरमध्ये सोडली आणि नवशिका माणूस येऊन बसला, क्लच न दाबता किल्ली फिरवली, की गाडी उडी मारते. सुरुवातीला एकदा एक विद्यार्थिनी अशीच भिंतीवर गेली होती. तेव्हापासून गाडी थांबली की न्यूट्रल. मला दुसरं येतच नाही. हात आपोआप जातो."

मालक खुर्चीतून उठलाच. त्याला कोण आनंद झाला. "बघा, मॅडम. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये. काका, अहो, तुम्ही दुसऱ्यांना शिकवता. आमच्याकडे गॅरेजमध्ये हँडब्रेकला कोणी हातसुद्धा लावत नाही. गाडी लावली की गिअरमध्ये टाकायची, विषय संपला. चढ-उतारावर तर लहान मूलही गिअरमध्ये टाकेल. ही चूक यांचीच आहे, त्यांनी आता स्वतःच्या तोंडाने सांगितलं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला मनातून म्हणायचं होतं, कशाला सांगितलंत, गप्प बसायचं होतंत.

न्यायाधीश बाई डॉक्टरांकडे वळल्या. "तुम्ही गाडी मागे ढकललीत. ती सहज ढकलली गेली, की आधी गिअर काढावा लागला?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "नाही, गिअरला कोणी हात लावला नाही. मला गिअर कळतच नाही, माझी गाडी बायको चालवते. ढकलली तशी गेली."

"आणि हे गाडी लावून तुमच्याशी बोलत उभे होते?"

"हो. फाटकापाशी. त्यांची उजवी दाढ दुखत होती, ते सांगत होते."

"गाडी तेव्हा जागेवर होती?"

"होती की. मग हे घरात गेले. मीही आत गेलो, एका पेशंटला इंजेक्शन दिलं, आणि मग आवाज झाला."

बाई पुन्हा मालकाकडे वळल्या. तो अजून उभाच होता. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "त्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि हँडब्रेक ओढलेला नाही. किती वेळ उभी राहील?"

"उभी कसली राहतेय, मॅडम," मालक जोरात म्हणाला. "पाय ब्रेकवरून काढला की निघाली. माणसाला उतरूसुद्धा देणार..."

वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. मला क्षणभर काही कळलंच नाही. मग डॉक्टर माझ्या कानाशी पुटपुटले, "म्हणजे काहीतरी धरून होतं की," आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"बोला ना," बाई म्हणाल्या. "ती उभी राहिली. हे उतरले, दाढेचं बोलले, घरात जाऊन चहाला बसले, तोवर ती उभी होती. कशाच्या आधाराने?"

मालक हळूच खाली बसला. एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. माणूस लबाड नव्हता, आता कळतंय. त्याला खरंच वाटत होतं की काका विसरले. तो म्हणाला, "केबलचा नट पुरता आवळला नसेल तर हँडब्रेक थोडा वेळ धरतो. मग ताणाने हळूहळू सुटतो."

"तुम्ही तो तपासला होता?"

"गाडी आम्ही गिअरमध्येच लावतो," तो म्हणाला. "तो धरतोय की नाही, हे आम्हाला कळायला मार्गच नव्हता. काकांच्या दारातही मी गिअरमध्येच लावली होती."

म्हणजे बघा. ते हँडब्रेकला हात लावत नाहीत आणि हे गिअरवर विसंबत नाहीत, दोघांच्या जन्माच्या सवयी, आणि त्यांच्यामध्ये एक सैल नट. त्या नटापायी माझ्या नवऱ्याने एवढे दिवस स्वतःला वेडा ठरवलं होतं.

बाईंनी तिथल्या तिथे निकाल सांगितला. दुरुस्तीचा आणि फाटकाचा खर्च गॅरेजने द्यायचा. मात्र त्यातला चौथा हिस्सा कापला, कारण उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायला हवी होती, ती ठेवली नाही. ती चूक आजोबांची.

मी उठलेच. "मॅडम, हा कुठला न्याय? नट सैल त्याचा आणि..."

ह्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मी वळून पाहिलं तर ह्यांचे डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू. असं हसू मी लेकीच्या जन्मानंतर पाहिलेलं नाही.

"बरोबर आहे मॅडम," हे म्हणाले. "ती चूक माझीच. शंभर टक्के माझी. उतारावर न्यूट्रल ठेवायची नसतेच. मी चुकलो." आणि मग माझ्याकडे वळून, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं कुजबुजले, "अगं, मी विसरलो नव्हतो. मी नुसता चुकलो."

माझा जीव भांड्यात पडला. न्यायाधीश बाईंनी उगाचच पुन्हा नाक पुसलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढी साधी गोष्ट, न्यूट्रलची, तुम्हाला आधी सुचली कशी नाही?" हे म्हणाले, "कोणी विचारलंच नाही. आणि एकदा भीती बसली ना, की माणूस स्वतःलासुद्धा काही विचारत नाही." मीही विचारलं नव्हतं. आठवतं का, आठवतं का, एवढाच जप केला होता.

इमारतीच्या खाली गॅरेजमालक उभा होता. मान खाली घालून म्हणाला, "काका, गल्लीत सगळ्यांसमोर बोललो तुम्हाला. तसंच सगळ्यांसमोर येऊन सांगतो." मग जरा घुटमळला. "चला, घरी सोडतो."

मी तोंड उघडणार, की आम्ही आमचं बसने जाऊ, तोवर हे त्याच्या गाडीपाशी पोचलेसुद्धा. शत्रूच्या गाडीत बसायचं म्हणजे काय. डॉक्टर तर केव्हाच मागे जाऊन बसले होते. मालक चालकाच्या जागेवर बसायला लागला, तर हे म्हणाले, "सरक. मी चालवतो."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांशेजारी बसून खिडकीबाहेर पाहिलं. त्याने किल्ली दिली.

ह्यांनी सीट पुढे ओढली, आरसा फिरवला, पट्टा लावला. गाडी अशी सुटली की पोटातलं पाणी हलू नये. चौकात एका स्कूटरवाल्याने मधेच घुसवली तर हे पुटपुटले, "ये बाबा, तू आधी जा, तुझीच वाट बघत होतो." मालकाला गिअर बदलण्याबद्दल दोन गोष्टी सुनावल्या. मागे बसून मी मुकाट्याने रडत होते आणि डॉक्टर सभ्यपणे दुसरीकडे बघत होते.

मग आमच्या गल्लीचं वळण आलं आणि गाडी सरळ पुढे गेली.

मालकाची मान अर्धी वळली आणि तिथेच थांबली. मी कसंबसं म्हटलं, "अहो, वळण गेलं."

"माहितेय," हे आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले. "किती दिवसांनी हातात गाडी आलीय. लगेच घरी जाऊन काय करायचं?"

मग आम्ही लांबून गेलो.